बदलणे म्हणजे बेइमानी आहे काय?

२०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. एके संध्याकाळी आमचा एक जुना विद्यार्थी पूर्वसूचना न देता पुण्यातील आमच्या घरी आला. तो मूळचा इंदापूर तालुक्यातील वरकुट्याचा. आम्ही उभयता काही वर्षे त्या परिसरात शिक्षकी पेशात होतो आणि तो आमच्या हाताखाली शिकला होता. बैठकीत बसल्यावर बराच वेळ तो काही बोलेना. मग म्हणाला, "सर, बाई, माझा एक गुरू गेला." चौकशी करता कळले, की गेलेला माणूस स्वीडनचा, नाव टोमास लिंडबर्ग, आणि आमच्या विद्यार्थ्याने त्याला आयुष्यात एकदाही प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते.

वाचकांना हे नाव परिचित नसेल; आम्हांसही नव्हते. 'अॅट द गेट्स' नावाच्या वाद्यवृंदाचा तो गायक. १६ सप्टेंबर २०२५ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी तो कर्करोगाने वारला. त्याच्या गायनाला आपण गायन म्हणू की नाही याची शंकाच आहे. कारण ते अथपासून इतिपर्यंत आर्त किंकाळीच्या स्वरात चालते. या संगीतप्रकाराचे नाव 'मेलोडिक डेथ मेटल'. मृत्यू आणि माधुर्य हे दोन शब्द एकाच नावात शेजारी बसलेले पाहून आम्ही प्रथम चपापलो, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

आमचे चपापणे जुनेच आहे. या मुलाचे वडील वरकुट्याच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. आषाढात तुकोबारायांची पालखी इंदापूर तालुक्यातून पंढरीकडे जाते, त्या दिवसांत त्यांच्या पखवाजाला विसावा नसतो. मुलगा दहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या मांडीला मांडी लावून वाजवू लागला. पुढे तो शिक्षणासाठी पुण्यास आला, मित्रांच्या संगतीने पाश्चात्त्य ढोलांच्या संचावर बसला आणि भजनाला जाईनासा झाला. वडिलांनी त्याविषयी बोलणे सोडले. एकदाच आम्हांला म्हणाले, "गुरुजी, हात माझा दिलेला हाय, पण पोरानं तो दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला." त्या वेळी आम्ही मुलाला एक लांबलचक पत्र लिहिले. घरचे टाकून परक्यामागे धावणे ही बेइमानी होय, असे त्यात एक वाक्य होते. त्या पत्राला उत्तर आले नाही. त्या संध्याकाळी तो आमच्यापुढे बसला असता आम्हां दोघांनाही तेच वाक्य आठवत होते. ते वाक्य खरे होते काय, याचा विचार करण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

प्रथम हे संगीत काय आहे ते थोडक्यात पाहू. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील फ्लोरिडा आणि स्वीडनमधील स्टॉकहोम येथे तरुणांनी अतिशय वेगवान, कर्कश आणि घशातून गुरगुरणाऱ्या आवाजाचे संगीत निर्माण केले. ते 'डेथ मेटल'. १९९० च्या सुमारास स्वीडनमधीलच गोथेनबर्ग या बंदराच्या शहरातील काही मुलांनी त्या कर्कशपणात सुरावट आणली. दोन गिटारी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात अशी ब्रिटिश धाटणी त्यांनी घेतली आणि तिला उत्तरेकडील लोकगीतांची उदास छटा दिली. 'डार्क ट्रँक्विलिटी', 'इन फ्लेम्स' आणि 'अॅट द गेट्स' ही या घराण्याची तीन प्रमुख नावे. किंकाळीच्या खाली एक चाल वाहत असते. ती ऐकू येण्यास आमच्यासारख्यांना तीन-चार वेळा ऐकावे लागते.

आता या वाद्यवृंदाची वाटचाल पाहा. १९९२ साली त्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात व्हायोलिन होते आणि रचना इतक्या वळणावळणाच्या होत्या, की ऐकणाऱ्याची वाट चुकावी. १९९३ सालच्या दुसऱ्या मुद्रिकेतही रचना तशाच वळणावळणाच्या. त्याच वर्षी आल्फ स्वेन्सन हा संस्थापक गिटारवादक बाहेर पडला. १९९४ मध्ये तिसरी मुद्रिका आली आणि तिच्यात वळणे कमी झाली. मग नोव्हेंबर १९९५ मध्ये आली 'स्लॉटर ऑफ द सोल', म्हणजे 'आत्म्याची कत्तल'. गोथेनबर्गच्या फ्रेडमन स्टुडिओत मुद्रित झालेली ही अकरा तुकड्यांची मुद्रिका पुरती पस्तीस मिनिटांचीही नाही. व्हायोलिन गेले, लांबण गेली, आडवळणे गेली. प्रत्येक गाणे जणू सरळ रेघेत येऊन थांबते. आज जगभरचे जाणकार हिला त्या प्रकारातील अभिजात कृती मानतात, आणि दोन हजार सालानंतर अमेरिकेतील कितीतरी वाद्यवृंदांनी तिचीच नक्कल करून नाव कमावले.

परंतु खुद्द हा वाद्यवृंद पुढल्याच वर्षी, १९९६ मध्ये, विसर्जित झाला. लोक एकत्र आले ते २००८ च्या मैफलींसाठी. नवी मुद्रिका निघाली २०१४ मध्ये. म्हणजे ज्या कृतीने त्यांना मोठे केले तिच्यानंतर एकोणीस वर्षे त्यांची एकही नवी मुद्रिका नव्हती. परत आल्यावर लोकांनी १९९५ चीच मागणी केली असणार यात नवल नाही. त्यांनी थोडी दिली, पण तेथेच ठाण मांडले नाही. २०२१ च्या मुद्रिकेत तर सॅक्सोफोन आणि निराशावादी तत्त्वज्ञान अशी अनपेक्षित सामग्री आहे. लिंडबर्ग पेशाने शिक्षक होता, हे आमच्या विद्यार्थ्याने आम्हांस मुद्दाम सांगितले. मृत्यूपूर्वी, तोंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जाण्याआधी, त्याने पुढच्या मुद्रिकेतील आपले गायन पुरे करून ठेवले होते.

येथे वाचक विचारतील, की 'आत्म्याची कत्तल' अशा शीर्षकाच्या वस्तूला आपण गंभीरपणे घ्यावेच का? ही शंका रास्त आहे. या गीतांत भय आहे, असत्याचा संताप आहे, आत्मनाशाचे विचारही आहेत. कोवळ्या मनाच्या हाती ती सरसकट द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. तथापि पवित्र शास्त्र वाचणाऱ्याने किंकाळीला घाबरू नये. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते; शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही, तरी ते स्तोत्रच आहे. अर्थात त्या दोहोंत तक्रार देवापुढे मांडलेली आहे आणि या गीतांत तसे संबोधन नाही, हा फरक आम्ही पुसून टाकत नाही. इतकेच म्हणतो, की काळोखाचे नाव घेणे म्हणजे काळोखाची पूजा करणे नव्हे. आमच्या विद्यार्थ्याने हीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली: "सर, वसतिगृहात पहिल्या वर्षी फार एकटा होतो. माझ्याऐवजी कोणीतरी ओरडत होतं, म्हणून मला ओरडावं लागलं नाही." त्या वर्षी आम्ही त्याला ते पत्र धाडले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जो कलावंत बदलतो तो कोणाशी बेइमानी करतो? रसिकांचे उत्तर ठरलेले असते: आमच्याशी. गोथेनबर्गच्याच 'इन फ्लेम्स'चे उदाहरण घ्या. १९९६ ची 'द जेस्टर रेस' ही त्यांची मुद्रिका चाहत्यांच्या गळ्यातील ताईत. २००२ मध्ये त्यांनी किंकाळीबरोबर स्वच्छ गळ्याचे गायन वाढवले, रचना सोप्या केल्या, आणि जुने श्रोते खवळले. बाजारासाठी आत्मा विकला, असा आरोप झाला. आता गंमत पाहा. १९९५ साली 'अॅट द गेट्स'नेही रचना सोप्याच केल्या होत्या. एकाच्या सोपेपणाला आपण परिपक्वता म्हणतो आणि दुसऱ्याच्या सोपेपणाला फितुरी. भेद कशाने करायचा?

हेतूने करावा, असे कोणी म्हणेल. एकाने आतल्या हाकेने साधेपणा पत्करला, दुसऱ्याने खपासाठी. परंतु दुसऱ्याचा हेतू आपल्याला दिसतो कोठे? खप वाढला म्हणून हेतू खपाचाच होता असे ठरत नाही. आणि खप न वाढता फसलेला लोभही जगात पुष्कळ आहे. हेतूची परीक्षा खरी आहे, पण ती ज्याची त्यानेच द्यावयाची आहे. सद्सद्विवेकाच्या त्या खोलीत बाहेरच्याला प्रवेश नाही. म्हणून बेइमानीचा आरोप माणसाला निश्चितपणे एकाच व्यक्तीवर करता येतो, ती म्हणजे तो स्वतः.

तर मग बाहेरून काहीच म्हणता येत नाही काय? येते, जेथे वचन दिलेले असेल तेथे. विवाहात वचन असते, गुरुदीक्षेत वचन असते, सावकाराच्या कागदावरही असते. वचन मोडले तर बेइमानी झाली असे कोणीही म्हणू शकतो. पण कलावंताने श्रोत्याला "मी असाच राहीन" असे वचन केव्हा दिले? श्रोत्याला सवय लागली, आणि सवयीलाच तो वचन समजून बसला. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आमचेही असेच झाले. तो पखवाज वाजवी, आम्हांला ते पाहण्याची सवय होती. त्याने शपथ घेतलेली नव्हती. आम्हीच ती त्याच्या नावे लिहून घेतली होती.

पण प्रश्न एवढ्याने मिटत नाही. वडिलांचे म्हणणे अधिक खोल आहे. ते वचनाची गोष्ट करीत नव्हते, ते देण्याची गोष्ट करीत होते. "हात माझा दिलेला हाय." ज्याला काही मिळाले आहे त्याच्यावर ऋण असतेच. मिळालेल्या दानाचे ऋण कसे फेडावे? जसेच्या तसे जपून? मत्तयच्या शुभवर्तमानातील दाखला आठवा. धन्याने दिलेली रक्कम ज्या चाकराने जमिनीत पुरून ठेवली आणि जशीच्या तशी परत केली, त्याने एक पैही गमावली नव्हती. तो हिशेबाने प्रामाणिक होता, आणि धन्याचे कठोर शब्द त्यालाच ऐकावे लागले. ज्यांनी ती रक्कम बाहेर नेली, तिची उलाढाल केली, धोका पत्करला, त्यांना शाबासकी मिळाली. ठेव न बदलता ठेवणे हे नेहमीच इमान नव्हे, हे या दाखल्यातून स्पष्ट दिसते. त्याच वेळी उधळ्या पुत्राचा दाखलाही विसरता कामा नये. त्यानेही वाटा बाहेरच नेला होता. तेव्हा बाहेर नेणे हे स्वतः ना पुण्य ना पाप. बाहेर नेलेले वाढले की विरले, हे पाहावे लागते.

हे पाहण्यासाठी आपल्या महाराष्ट्रातीलच एक उदाहरण घेऊ. मुंबईत २००० साली साहिल मखिजा या तरुणाने 'डेमॉनिक रेझरेक्शन' नावाचा वाद्यवृंद उभा केला. नाव आमच्या वाचकांना खुपेल. 'पुनरुत्थान' हा शब्द आपल्या श्रद्धेच्या गाभ्यातला, आणि तो सैतानाच्या विशेषणासह आलेला आम्हांसही रुचला नाही. त्यांचे संगीत गोथेनबर्गच्या घराण्याचे नेमके नव्हे. अधिक काळोखे आणि कीबोर्डच्या भव्य पार्श्वभूमीचे, पण नात्यातले. २००५ आणि २०१० साली निघालेल्या त्यांच्या मुद्रिकांच्या शीर्षकांतच अंधार होता. २०१० साली ते नॉर्वेतील इन्फर्नो महोत्सवात जाऊन वाजवून आले. पाश्चात्त्यांचा साचा त्यांनी इतका आत्मसात केला, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला मुंबई ओळखू येऊ नये.

मग २०१७ साली त्यांनी 'दशावतार' काढली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. त्या गडगडाटात सतार, तबला, बासरी. आता सांगा, हा वाद्यवृंद कोणाशी बेइमान झाला? युरोपातून घेतलेल्या साच्याशी? की घरच्या कथेशी, तिला परक्या आरोळीत गोवल्यामुळे? आमच्या मते कोणाशीच नाही. सतरा वर्षे परक्या भाषेत वावरल्यावर त्यांनी तीच भाषा घेऊन घराचा उंबरठा ओलांडला, आणि या वेळी पावले आतल्या दिशेने होती. तसे करताना हातचे काही टाकले नाही. आणलेले आणि असलेले एकत्र केले.

आमच्या विद्यार्थ्याने हीच मुद्रिका निवडली. दिवाळीत तो गावी निघाला, तेव्हा आम्हांलाही बरोबर चला म्हणाला. आम्ही गेलो. रात्री जेवणानंतर त्याने वडिलांच्या हाती कानाला लावायचे यंत्र दिले. आम्हांला वाटले होते, की म्हातारा ते काढून टाकेल. त्याने डोळे मिटले. पहिल्या गाण्यात त्यांची बोटे मांडीवर स्थिर होती. तिसऱ्या-चौथ्यात ती चालू लागली. मध्येच यंत्र काढून त्यांनी विचारले, "नववा कोण घेतलाय?" मुलगा म्हणाला, "बुद्ध, दादा." ते म्हणाले, "आपल्याकडं जुन्या चित्रांत त्या जागी इठ्ठल असतो." आणि पुन्हा यंत्र कानाला लावले. दशावतारांच्या जुन्या मराठी चित्रांत आणि शिल्पांत नवव्या स्थानी कमरेवर हात ठेवलेला विठोबा आढळतो, हे खरे आहे. म्हणजे जी परंपरा आपण अचल समजतो तिच्यातही कोणीतरी, कधीतरी, प्रेमाने एक जागा बदलून घेतली होती. आणि तो बदल आता इतका जुना झाला आहे, की आज तोच मूळ वाटतो.

ऐकून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "गाणं काय मला कळलं न्हाय. पण वाजवणारा लबाड न्हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात भजन होते. तत्पूर्वी वडील ओसरीवर पखवाज घेऊन बसले होते. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की त्याच्या उजव्या तोंडावर शाई असते. ती एकदा कारागिराने थरावर थर देऊन बसवली, की वर्षानुवर्षे राहते. डाव्या तोंडावर मात्र प्रत्येक वेळी ओली कणीक थापावी लागते. कणीक वाळली की डाव्याचा खर्ज हरपतो; मग ती खरवडून काढायची आणि दुसरी लावायची. काल सुंदर वाजली म्हणून कालचीच कणीक आज कोणी ठेवत नाही. ठेवली तर पखवाज बोलणार नाही. आणि उजवी शाई कोणी रोज खरवडू लागला, तर पखवाजच उरणार नाही.

आम्ही जो भेद शोधत होतो तो आम्हांस तेथे दिसला. प्रत्येक माणसात, प्रत्येक मेळ्यात, प्रत्येक समाजातही काही शाई असते आणि काही कणीक. गोथेनबर्गच्या त्या मुलांनी १९९५ मध्ये व्हायोलिन आणि आडवळणे काढली, ती कणीक होती. किंकाळीखालून वाहणारी उदास चाल त्यांनी हलवली नाही, ती शाई होती. म्हणून पहिल्या मुद्रिकेपासून शेवटच्या मुद्रिकेपर्यंत तो वाद्यवृंद ओळखू येतो. बदलाची बेइमानी तेव्हाच होते, जेव्हा शाई खरवडली जाते. आणि न बदलण्याचीही एक बेइमानी असते: वाळलेली कणीक तशीच ठेवून, वाद्य मुके झाले तरी "आम्ही काही बदलले नाही" असे अभिमानाने सांगणे. आपली मासिके, आपल्या संस्था, आपले सण या सर्वांना हा प्रश्न लावून पाहण्यासारखा आहे. कोणती गोष्ट शाई आणि कोणती कणीक, याविषयी भल्या माणसांतही मतभेद होतील. पण ते मतभेद तरी योग्य प्रश्नावर होतील.

आमच्या त्या पत्रात आम्ही कणकेलाच शाई समजलो होतो. तो मुलगा पखवाज सोडून गेला, म्हणून तो हात सोडून गेला असे आम्हांला वाटले. हात तर त्याच्याजवळच होता. "लयीत घाई करू नको" ही वडिलांची शिकवण तो पुण्याच्या ढोलांवर दोन्ही पायांनी पाळीत होता. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "बाई, पत्र अजून आहे माझ्याकडं. त्यात व्याकरणाची एकही चूक नाही." याहून सौम्य शिक्षा आम्हांला झाली नसती.

त्या संध्याकाळी त्याने वाजवले काय, असे वाचक विचारतील. वाजवले, एकच अभंग. हात थोडा जड पडला, हे आमच्यासारख्या अडाण्यांनाही कळले. दुसऱ्या दिवशी तो पुण्यास परतला आणि आपल्या मेळ्याच्या तालमीला गेला. तो गावी परत येणार नाही, हे वडिलांना ठाऊक आहे, आणि त्याचे दुःख त्यांना आहे. आमच्या युक्तिवादाने ते दुःख नाहीसे झालेले नाही, होऊही नये. फक्त त्यांनी आता मुलाला बेइमान म्हणणे सोडले आहे.

मुलाने वाजवण्यापूर्वी परातीत कणीक मळली ती मात्र वडिलांनीच. पाणी किती घालावे हे त्यांनी त्याला पुन्हा एकदा दाखवले, आणि तोही ते प्रथमच शिकत असल्याप्रमाणे पाहत राहिला.